करारावर सही करण्याआधी: व्यावसायिक हेवीवेटची कारकीर्द खरी कशी घडते

एका मामांचा प्रश्न आहे. भाचा २० वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच, वजन १०४ किलो. राज्य स्पर्धेत दोनदा पदक मिळवलंय. एक प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा माणूस, पाच वर्षांचा करार घेऊन घरी आलाय आणि पहिली व्यावसायिक लढत तीन महिन्यांत लावतो म्हणतोय. पोराचं म्हणणं असं की माइक टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, म्हणजे आपल्याला आधीच उशीर झालाय. सही करू द्यावी का? आणि हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातल्या बॉक्सरचं, करिअर नक्की असतं तरी कसं?

मी बरीच वर्षं बॉक्सिंग शिकवतोय. वरच्या वजनाची मुलं माझ्याकडे कमीच आली, पण जी आली त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न कधी ना कधी निघाला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न सहीचा दिसतोय, पण सही ही शेवटची गोष्ट आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. या पोराला रोज सरावात समोर कोण मिळणार? त्याचे प्रतिस्पर्धी कोण निवडणार? आणि पैशाचा हिशेब कोण ठेवणार? या तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर कराराचं बघता येईल. नसतील तर करार कितीही गोड असो, पोराची चार-पाच चांगली वर्षं वाया जातील, आणि हेवीवेटमध्ये वर्षं वाया जातात म्हणजे डोक्यावर मार साचत जातो.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगतो. घर त्याच्या कमाईवर चालणार असेल तर माझा सल्ला एक, नसेल तर दुसरा. त्याच्या हौशी लढती पन्नास झाल्या असतील तर एक, दहा झाल्या असतील तर दुसरा. सरावात किंवा स्पर्धेत तो कधी बेशुद्ध पडला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिला मुक्काम डॉक्टरांकडे.

आता टायसन. तो २२ नोव्हेंबर १९८६ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून जगज्जेता झाला, तेव्हा वीस वर्षं आणि काही महिन्यांचा होता, हे खरंच आहे. पण प्रशिक्षक कस डी'मॅटोने त्याला तेराव्या वर्षापासून हाताशी धरलं होतं. विसाव्या वर्षी दिसला तो टायसन सात वर्षं रोज घडवलेला होता. व्यावसायिक झाल्यावर पहिल्याच वर्षी, १९८५मध्ये, तो १५ वेळा रिंगमध्ये उतरला. बर्बिकपुढे उभा राहिला तेव्हा त्याच्या नावावर २७ विजय होते, हार एकही नव्हती.

हा २७चा आकडा लक्षात ठेवा, कारण ज्याची कारकीर्द मी माझ्या मुलांना दाखवतो तो लॅरी होम्सही जगज्जेतेपदाच्या लढतीला आला तेव्हा २७ विजय, शून्य हार असाच होता. टायसनला तिथवर यायला दोन वर्षंही लागली नाहीत, होम्सला पाच वर्षांहून जास्त लागली. पोरांना टायसन माहीत असतो, होम्स नसतो. माझ्या मते तुमच्या भाच्याने बघावा तो होम्स. उंचीही तीच आहे, सहा फूट तीन इंच.

होम्सचा जन्म १९४९चा, जॉर्जियातल्या कथबर्टचा. वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या लहान शहरात. घरात बारा भावंडं, सातवीत शाळा सुटली, मग गाड्या धुण्याचं काम. हौशी लढती जेमतेम बावीस. १९७२च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्युएन बॉबिकविरुद्ध पंचांनी त्याला बाद ठरवलं, आणि हा पोरगा कच्च्या काळजाचा आहे असा शिक्का त्याच्यावर बसला. १९७३च्या मार्चमध्ये स्क्रँटनला पहिली व्यावसायिक लढत झाली. चार फेऱ्या, गुणांवर विजय, कमाई ६३ डॉलर. त्या दिवशी हा सात वर्षं जगज्जेता राहील असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मग पाच वर्षं तो काय करत होता? त्याची लढतींची यादी बघितली तर फारशी नावं ओळखीची वाटत नाहीत. त्याची खरी शाळा सरावात होती. पेनसिल्व्हेनियातच डीअर लेकला मुहम्मद अलीचं सराव शिबिर होतं, तिथे होम्स अलीचा स्पॅरिंग पार्टनर, म्हणजे सराव लढतीतला जोडीदार, झाला. जो फ्रेझर आणि अर्नी शेव्हर्स या नावाजलेल्या हेवीवेटांबरोबरही त्याने सराव केला. अलीच्या ठोशाने डोळा काळानिळा झाला तेव्हा त्याने बर्फ लावू दिला नाही, कारण गावात जाऊन तो डोळा दाखवायचा होता. हा किस्सा मुलांना आवडतो. मी मात्र त्यांना त्यातली दुसरी बाजू दाखवतो. सरावाचे पैसे मिळत होते, आणि जगातला सर्वांत चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, रोज चार हातांवरून बघायला मिळत होता. १ ऑक्टोबर १९७५ला मनिलामध्ये अली आणि फ्रेझर यांची गाजलेली तिसरी लढत झाली, त्याच दिवशी आधीच्या लढतींमध्ये होम्सही होता. त्याने रॉडनी बॉबिकला, म्हणजे त्याच ड्युएनच्या भावाला, सहाव्या फेरीत थांबवलं. एवढ्या मोठ्या दिवशी एवढ्या छोट्या लढतीत उतरण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडच्या मुलाचा गाडा नेमका इथे अडतो. वजनाने भारी, अंगापिंडाने मजबूत पोरं महाराष्ट्रात कुस्तीच्या तालमीत जातात, बॉक्सिंगकडे वळतात ती थोडी. त्यामुळे १०० किलोच्या मुलाला सरावाला जोड मिळत नाही. मग काय होतं? तो ७५ किलोच्या मुलांबरोबर खेळतो. तिथे त्याला हात खाली सोडून चालतं, मागे झुकून चालतं, दोन ठोसे खाऊन एक दिला तरी चालतं, कारण समोरच्याच्या ठोशात त्याला हलवण्याएवढं वजन नसतं. अशा सवयी अंगात मुरतात. मग पहिला खरा हेवीवेट समोर येतो आणि त्याच सवयींची किंमत एका फेरीत मोजावी लागते. मी भारी मुलांना हलक्या मुलांबरोबर फक्त पायांच्या कामासाठी खेळवतो, तेही ताकद न लावता. खऱ्या स्पॅरिंगसाठी त्यांना घेऊन पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी किंवा हरियाणात जिथे जोड मिळेल तिथे परवानगी काढून जावं लागतं. खर्च होतो. प्रमोटरला पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या भाच्याला आठवड्यातून किमान दोनदा ९५ किलोच्या वरचे, त्याच्याहून सरस असे जोडीदार तुम्ही कुठून आणणार? उत्तर गोलमाल आलं तर पुढचं ऐकायची गरज नाही.

होम्सकडे होतं काय, हेही थोडं उलगडून सांगतो, कारण ठोशाची ताकद म्हणजेच हेवीवेट हा समज फार पक्का आहे. त्याच्या ७५ लढतींत ४४ नॉकआउट आहेत, म्हणजे ताकद होतीच. पण त्याची कारकीर्द उभी राहिली डाव्या हाताच्या जॅबवर. हाताची पोच ८१ इंच. डावा हात तो थोडा खाली ठेवायचा आणि तिथून सरळ वर सोडायचा. समोरच्याला खांद्याची हालचाल दिसायच्या आधी ठोसा पोचलेला असायचा. एक जॅब अंतर मोजायला, दुसरा डोळ्यावर, तिसऱ्यामागे उजवा. जॅब लागला की समोरच्याचा पाय थबकतो, आणि पाय थबकलेला माणूस जोरात मारू शकत नाही. म्हणजे हा ठोसा मारण्याचा आहे तितकाच मार चुकवण्याचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या भारी मुलाला मी सुरुवातीचे काही महिने उजवा हात जवळजवळ वापरूच देत नाही. पोरं वैतागतात, घरचेही विचारतात की हे काय चाललंय. पण उंच हेवीवेटचा डावा हात तयार नसेल तर त्याची उंची म्हणजे फक्त मोठं लक्ष्य.

१९७८च्या मार्चमध्ये होम्सने शेव्हर्सला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं आणि त्याला केन नॉर्टनविरुद्ध जगज्जेतेपदाची संधी मिळाली. ९ जून १९७८, लास व्हेगास. लढतीच्या काही दिवस आधी त्याच्या डाव्या हाताचा स्नायू दुखावला होता, म्हणजे त्याचं मुख्य हत्यारच. तो माघारी फिरला नाही. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांचे गुण बरोबरीत होते. पंधरावी फेरी दोघांनी ज्या तऱ्हेने खेळली ती आजही मिळाली तर भाच्याला दाखवा. तीनपैकी दोन पंचांनी होम्सला एका गुणाने पुढे ठेवलं. पाच वर्षांच्या मेहनतीचा निकाल एका फेरीवर आणि एका गुणावर लागला. पंधराव्या फेरीत हात वर राहावेत यासाठी लागणारा दम तीन महिन्यांत येत नाही, तो पहाटेच्या धावण्याने वर्षानुवर्षं साठतो. १०४ किलोतले किती किलो कामाचे आहेत हे भाच्याच्या आठव्या फेरीत कळेल, वजनकाट्यावर नाही.

त्याच वर्षी लिऑन स्पिंक्स नावाच्या ऑलिंपिक विजेत्याने आठव्याच व्यावसायिक लढतीत अलीला हरवून जगज्जेतेपद घेतलं होतं (बॉक्सिंगमध्ये वेगवेगळ्या संघटनांची वेगवेगळी जगज्जेतेपदं असतात). सात महिन्यांत अलीने ते परत नेलं. १९८१ला होम्सने याच स्पिंक्सला तिसऱ्या फेरीत थांबवलं. गुणवत्ता स्पिंक्सकडे होती, ऑलिंपिक सुवर्ण होतं. नव्हता तो मधला काळ, ज्यात माणूस हरता हरता वाचायला शिकतो. होम्सला तो काळ मिळाला होता. १९७९ला शेव्हर्सने सातव्या फेरीत उजव्या हाताने त्याला असं पाडलं की उठणं अवघड होतं. तो उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला.

पुढे त्याने जगज्जेतेपद वीस वेळा राखलं. हेवीवेटमध्ये एका सलग कारकिर्दीत याहून जास्त फक्त जो लुईसने राखलंय. १९८२च्या जूनमध्ये गेरी कूनीविरुद्धची लढत त्या काळातल्या सर्वांत मोठ्या कमाईच्या लढतींपैकी होती. प्रत्येकी कोटी डॉलरच्या घरातली रक्कम. होम्सच्या कोपऱ्यात तेव्हा प्रशिक्षक एडी फच होता आणि जोडीला ८२ वर्षांचा रे आर्सेल. जगज्जेत्यालाही कोपऱ्यात आपल्यापेक्षा जास्त बघितलेला माणूस लागतो. तुमच्या भाच्याच्या कोपऱ्यात कोण असेल, हे करारात लिहिलेलं आहे का?

आता पैशाचं. अमेरिकेतल्या रूढ पद्धतीत लढतीच्या मानधनातला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भाग मॅनेजरकडे आणि साधारण दहा टक्के प्रशिक्षकाकडे जातो. वर सरावाचा, प्रवासाचा खर्च आणि कर. होम्सचा प्रमोटर डॉन किंग होता, आणि आपल्याला पुरे पैसे मिळाले नाहीत अशी तक्रार होम्सने उघडपणे केलेली आहे. तरीही होम्स टिकला, कारण हातात आलेले पैसे त्याने ईस्टनमध्ये इमारती आणि व्यवसायांत घातले. गावातच राहिला. तिथे नदीकाठच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे. टायसनने त्याच्या कित्येक पट कमावलं आणि २००३ला दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत २०००मध्ये अलीच्या नावाने कायदा झाला. त्यात प्रमोटरने बॉक्सरला हिशेब दाखवणं बंधनकारक आहे, आणि प्रमोटर व मॅनेजर यांचे हितसंबंध एक असता कामा नयेत असं म्हटलंय. तो कायदा इथे लागू नाही. म्हणून जे संरक्षण तो कायदा देतो ते तुम्हाला कागदावर कलमं घालूनच मिळवावं लागेल.

शेवट कसा होतो हेही पोराला आत्ताच कळू द्या. २ ऑक्टोबर १९८०ला होम्सला त्याच्याच गुरूसारख्या अलीशी लढावं लागलं. अली तेव्हा ३८ वर्षांचा, औषधांनी वजन उतरवलेला. होम्स अधूनमधून पंचाकडे बघत होता, थांबवा म्हणून. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. अलीचं नाव निघालंच आहे तर सांगतो, त्याच वर्षी जानेवारीत अली दिल्लीत आला होता आणि आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत खेळला होता. कौर सिंगने पुढे १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. ते सैन्यात होते, सगळी कारकीर्द हौशी. आपल्या देशातल्या हेवीवेटचा संसार बहुतेक वेळा अशा नोकरीवरच चाललाय, आणि त्यात कमीपणा काही नाही. टोकियो ऑलिंपिकला सुपर हेवीवेट गटात उतरलेला पहिला भारतीय सतीश कुमारही सैन्यातलाच. चेहऱ्यावर टाके घेऊन तो उझबेकिस्तानच्या बखोदिर जालोलोवपुढे उपांत्यपूर्व फेरीत उभा राहिला. माझ्या लेखी ती लढत जगज्जेतेपदाच्या कुठल्याही पट्ट्याएवढी मोठी आहे.

होम्सकडे परत येतो. १९८५च्या सप्टेंबरमध्ये ४८ विजय, शून्य हार असताना तो मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. मायकेल म्हणजे लिऑनचा धाकटा भाऊ, खालच्या वजनातून वर आलेला, होम्सपेक्षा जवळपास दहा किलोंनी हलका. जुना जगज्जेता रॉकी मार्सियानोच्या ४९-०च्या (४९ विजय, शून्य हार) विक्रमाला एकच विजय कमी पडला. त्या रात्री होम्स मार्सियानोविषयी कडवट बोलला, नंतर त्याने माफी मागितली. पुढच्या वर्षी परत हरला आणि निवृत्त झाला. मग जानेवारी १९८८ला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, टायसनसमोर उभा राहिला आणि चौथ्या फेरीत संपला. पूर्ण कारकिर्दीत त्याला ठोशांनी थांबवलं ते एवढ्या एकदाच. त्यानंतरही १९९२ला, बेचाळीस वर्षांचा असताना, त्याने ऑलिंपिक विजेत्या रे मर्सरला गुणांवर हरवलं आणि तेव्हाचा जगज्जेता इव्हँडर होलिफिल्डपुढे पूर्ण बारा फेऱ्या टिकला. शेवटची लढत २००२ची. एकूण ६९ विजय, ६ हार. हे पुनरागमन मी मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवत नाही. ज्याने तरुणपणी कमी मार खाल्ला त्यालाच ते झेपलं, आणि कमी मार खाल्ला तो जॅबमुळे.

तर तुमच्या भाच्याचं. मी असतो तर आत्ता सही करू दिली नसती. वीस हे वय हेवीवेटसाठी लहान आहे. भारी माणूस पंचविशीनंतर भरतो. दोन ते तीन वर्षं हौशी लढती वाढवाव्यात, राष्ट्रीय पातळीवर जोर लावावा. पदक आलं तर सैन्य, रेल्वे, पोलीस यांची दारं उघडतात, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोटाची सोय झालेला बॉक्सर नको ती लढत नाकारू शकतो. उपाशी बॉक्सर मिळेल ती घेतो, आणि हेवीवेट उद्ध्वस्त होतात ते बहुधा अशाच घाईने घेतलेल्या लढतींत. ऑलिंपिकचं दार व्यावसायिकांना २०१६पासून उघडलं असलं तरी निवडीची वाट आपल्याकडे हौशी स्पर्धांतूनच जाते.

घरची परिस्थिती अशी असेल की थांबणं शक्यच नाही, तर करार पाचऐवजी दोन वर्षांचा मागा. वर्षाला किमान किती लढती, प्रत्येकीचं किमान मानधन, प्रतिस्पर्धी नाकारण्याचा प्रशिक्षकाचा अधिकार, स्पॅरिंगचा खर्च कोणाचा, दुखापतीचा विमा आणि उपचार कोणाचे, हे सगळं लिहून घ्या. मॅनेजर आणि प्रमोटर एकच माणूस नको. डोक्याला मार लागून पडल्यास ठरावीक काळ सरावही बंद, हे कलम घालाच. मी स्वतः अशा मुलाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हातात ग्लोव्ह घालू देत नाही, मग लढत कितीही जवळ आलेली असो.

आणि हे सगळं करायच्या आधी, याच महिन्यात, मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची पडदा तपासणी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. अहवाल प्रमोटरकडे नको, तुमच्याकडे ठेवा. पुढे कधी मार बसला तर तुलना करायला आजचा फोटो हाताशी असेल. कराराची प्रत वकिलांना दाखवल्यावर काही कलमांवर शंका आली तर ती कलमं इथे टाका, नावं झाकून. बघून सांगतो.